पेशंट माडीवर ठेवायचा की मळ्यातल्या खोलीत? दोन्ही करून बघितल्यावरचं मत

परवा खानापूरहून आतेभावाचा फोन आला. आत्तीला दोन दिवस ताप, खोकला, कोविडची टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. घरात दोन लहान पोरी, तर तो विचारायलाय की आईला माडीवर ठेवू की शेतातली खोली झाडून तिकडं सोय करू. आता २०२१ सारखं कोण दारावर कागद चिकटवायला येत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्येच आणीबाणी संपली म्हणून सांगितलं, पण आजार काय गेला नाही आणि घरात साठीच्या पुढचं माणूस असलं की हा प्रश्न येतोच. आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत, म्हणून त्याला फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो, आपल्याकडं बऱ्याच जणांची अशी दोन्ही सोय असते. मास्क, हात धुणं, वेगळं ताट-तांब्या हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही.

आमचं बेळगावजवळच्या येळ्ळूरचं घर जुनं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्यातच संडास-न्हाणी. वर लाकडी तक्तपोशीची माडी, एरवी तिथं मसुराची पोती आणि कांदे पडलेले असतात. मळा गावापासून दोन-अडीच किलोमीटर, पाणंदीनं जायचं, तिथं पत्र्याची एक खोली, मूळची पाण्याच्या मोटारीसाठी बांधलेली, नंतर शेजारी संडास बांधून घेतला.

पहिल्यांदा मे २०२१. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. तो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, आजार तिथनंच कुठनं तरी आला असणार. त्याच आठवड्यात, १० मे पासून कर्नाटकात कडक लॉकडाऊन लागला होता, सकाळी दहापर्यंतच बाजार, बेडसाठी लोक सगळीकडं फोन करत होते. आण्णांना, म्हणजे वडिलांना, शुगर, आईचं वय बासष्ट, माझी पोरं लहान, म्हणून कुणाला विचार करायलाच लागला नाही, भाऊ स्वतःच म्हणाला मी मळ्यात जातो. अंथरूण, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल घेऊन गेला. मी दोन टाइम डबा नेऊन आंब्याखालच्या दगडावर ठेवायचो आणि लांबून बोलून परत यायचो.

आता मळ्याचं जे चांगलं ते आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. घरात दुसऱ्या कुणालाच झालं नाही. हा आजार मुख्यतः बंद हवेतनं पसरतो, तिथं दोन्हीकडनं दार-खिडकी उघडी, बाहेर रान मोकळं, भाऊ दिवसभर झाडाखाली बसलेला असायचा. घरात मास्क लावून फिरायला लागलं नाही, पोरांना ओरडायला लागलं नाही. गल्लीत कुणाला कळलंही नाही, आणि त्या दिवसांत ते लहान गोष्ट नव्हती, ज्यांचं कळलं त्यांच्या दारात दूधवाला पण कॅन लांब ठेवून जायचा. तेव्हा केंद्राचे नियम होते की ऑक्सिजन ९४ च्या वर असलं, त्रास कमी असला तर घरी राहता येतं, दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की सुटका. आम्ही तेच धरून चाललो होतो.

ज्याच्यामुळं माझं मत बदललं ती गोष्ट अशी. मळ्यातल्या खोलीत रेंज येत नाही. विहिरीच्या पलीकडं बांधावर जाऊन उभं राहिलं की येते, खोलीपासून साठ-सत्तर पावलं. हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत, पेरणीच्या दिवसांत त्याच्यावरनं एकमेकांवर चिडायचो आणि विसरून जायचो. भाऊ सकाळ-संध्याकाळ बांधावर येऊन फोन करायचा, ९७, ९६, बरं हाय, भात जास्त झाला, उद्या भाकरी दे. सहाव्या दिवसापर्यंत हे चाललं. सातव्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला तर नॉट रिचेबल. आता नॉट रिचेबल तर तो रोजच असायचा, खोलीत असला की असायचाच, त्यामुळं मनात काही आलंच नाही, झोपला असेल म्हणून आम्ही जेवून झोपलो. आई एकदा म्हणाली की जाऊन बघून ये, मी म्हटलं एवढ्या रात्री कशाला, सकाळी डबा न्यायचाच आहे.

सकाळी गेलो तर आदल्या रात्रीचा डबा तसाच दगडावर. हाक मारली तर तो दारात आला, आणि दारापासून दगडापर्यंतची वीस-पंचवीस पावलं चालताना मधे दोनदा थांबला. बोलताना एक वाक्य पुरं होत नव्हतं. ऑक्सिमीटर लावायला सांगितलं, ८९. त्याला स्वतःला एवढं काही वाटतच नव्हतं, थकवा आहे म्हणाला, बांधापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून फोन नाही केला म्हणाला. कोविडमध्ये असं होतं हे नंतर सगळ्यांना कळलं, ऑक्सिजन खाली गेलेलं असतं आणि माणूस दम लागल्याची तक्रारच करत नाही. पाणंदीनं १०८ ची गाडी येणार कशी म्हणून मीच मास्कवर मास्क लावून काचा उघड्या ठेवून त्याला बेळगावला नेलं. बेड मिळाला, आठ दिवस ऑक्सिजनवर होता, बरा होऊन आला. पण ती एक अख्खी रात्र तो पत्र्याच्या खोलीत एकटा होता आणि आम्ही अडीच किलोमीटरवर झोपलो होतो हे माझ्या मनातनं अजून जात नाही.

नुसतं रेंज नाही म्हणून मी मळ्याला नाव ठेवत नाही. त्रास असा झाला की फोन न येण्याचे दोन अर्थ होते आणि बाहेरनं दोन्ही सारखेच दिसत होते. माणूस चालण्याइतका बरा असला तरच त्याचा फोन येणार, म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच फोन बंद. आणि फोन आला तरी तो सांगणार बरं हाय, कारण आपल्या माणसांना कोण त्रास देतंय. आजाराचा धोक्याचा काळही साधारण पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचा, नेमका ताप उतरला म्हणून घरातले सगळे जरा सैल पडलेले असतात तेव्हाचा.

दुसरी वेळ जानेवारी २०२२. वीकेंड कर्फ्यूचे दिवस होते, या वेळी आण्णा. दोन डोस झालेले, आणि लाटही ओमिक्रॉनची, तेव्हा दोन्हींची तुलना सरळ होत नाही हे मान्य आहे, मे महिन्यातला आजार वेगळाच होता. नियमही बदलले होते, दहाच्या जागी सात दिवस. मळ्याचा विषय निघाला तर आईच म्हणाली, नको, यांना वरच ठेवा. मसुराची पोती खाली आणली, कांदे परड्यात टाकले, दोन्ही खिडक्या कित्येक वर्षं उघडल्या नव्हत्या त्या रंधा मारून उघडल्या, आणि आण्णा वर गेले.

माडीचा तोटा पहिल्याच दिवशी कळला. संडासला जायचं तर जिना उतरून माजघर, स्वयंपाकघर ओलांडून परड्यात. दिवसातनं सात-आठ वेळा, शुगरवाल्या माणसाचं रात्रीही दोनदा. प्रत्येक वेळी आम्ही सगळे पुढच्या सोप्यात, मग दारं उघडी टाकून अर्धा तास थांबायचं. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी आईला घसा खवखवायला लागला आणि तीही पॉझिटिव्ह आली. तिला सौम्यच होतं, पण झालं. नंतर शेजारच्यांकडनं कमोडची खुर्ची आणून वर ठेवली, तेव्हा ये-जा थांबली. ती पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होती, तुम्ही माडी निवडली तर पेशंट वर जायच्या आधी ही सोय करा.

पण माडीवर आवाज येतो. तक्तपोशी लाकडाची, वर कुणी कूस बदलली तरी खाली कळतंय. मी जिन्याच्या पायथ्याशी अंथरूण टाकलं होतं. आण्णांचा खोकला दोन दिवसांत पाठ झाला, कोरडा, तीन-चार ठसके, मग घोटभर पाणी, मग तांब्या ठेवल्याचा आवाज. आरोग्य खात्याकडनं रोज फोन यायचा, कन्नडमधनं विचारायचे, आण्णा ठरलेलं उत्तर द्यायचे, आराम अदीनि. आम्हालाही तेच, बरं हाय रे. पण एकदा फोनवर बोलताना ते मधेच श्वासाला थांबले ते आईनं खालनं ऐकलं. त्या रात्री एकच्या सुमाराला खोकला सुरू झाला आणि नेहमीच्या जागी थांबला नाही. मास्क लावून वर गेलो, ऑक्सिमीटर ९३ दाखवत होतं. थंडीत बोटं गार पडलेली, चोळून गरम करून परत लावलं तर ९५. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पालथं झोपायला सांगितलं, पोटाखाली, छातीखाली उशी देऊन, आणि तासाभरानं परत बघायला. ९६ आलं. सकाळी नेऊन छाती तपासून आणली, ऑक्सिजन चांगलं आहे तोपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही म्हणाले, शुगरवाल्याला तर जपूनच. घरीच बरे झाले. त्या रात्री ते मळ्यात असते तर कदाचित काहीच झालं नसतं, मला काय माहीत. पण मला कळलं असतं का, हा प्रश्न राहतोच.

बरं होण्याचे दिवस तर मला वाटतं माडीचेच. सात दिवस संपले म्हणून माणूस उभा राहत नाही, आण्णांचा थकवा महिनाभर होता, भावाचा तर दोन-अडीच महिने. मळ्यातनं किंवा दवाखान्यातनं माणूस एकदम घरात येतो आणि घरच्यांना तो बराच झालेला वाटतो, भावाच्या वेळी आम्ही तीच चूक केली, आठ दिवसांत त्याला धूळवाफ पेरणीच्या गडबडीत ओढलं आणि तो बांधावर बसून राहिला. आण्णांच्या वेळी जिनाच मोजमाप झाला. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या उतरून बसले, तिसऱ्या दिवशी खाली आले पण वर जाताना मधे टेकले, दहाव्या दिवशी न थांबता वर गेले. आई वरच्या वासावरनं, आवाजावरनं काय हवंय ते ओळखायची. तोंडाला चव नव्हती तर सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मुगाचं कढण आणि मऊ भात, संध्याकाळी हुलग्याचं माडगं, एका वेळी थोडं थोडं, पाच वेळा. भाऊ मळ्यात डबा अर्धा परत पाठवायचा आणि आम्हाला वाटायचं भूक कमी आहे, तो पण एक इशाराच होता.

आणखी एक, हे कुणी मोजत नाही. भावानं नंतर कितीतरी महिन्यांनी सांगितलं की मळ्यात रात्री कोल्हे ओरडायचे आणि त्याला वाटायचं आपल्याला काही झालं तर सकाळीच कळणार. तो अडतीस वर्षांचा, रानात राहायची सवय असलेला माणूस. म्हाताऱ्या माणसाला तर आपल्याला घराबाहेर काढलं असंच वाटतं, कितीही समजावलं तरी. वर असलेल्या आण्णांना खाली पोरांची भांडणं ऐकू यायची, ते वरनंच ओरडायचे.

तरी मळा कुणासाठी बरोबर आहे ते सांगतोच. घर दोन खोल्यांचं असलं, वेगळी खिडकीवाली खोलीच नसली. घरात कुणाचं डायलिसिस, केमो चालू असलं किंवा कुणी बाळंतीण, गरोदर असलं. किंवा पेशंट दोघं असले, नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह, मग एकमेकांवर लक्ष राहतंय. अशा वेळी मी पण मळाच म्हणेन. पण मग आधी खोलीत, अंथरुणावर बसून फोन लागतो का ते बघा, बांधावर नाही. गाडी दारापर्यंत येते का बघा, जूननंतर पाणंदीचा चिखल होतो. आणि वेळ ठरवा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री दहा, फोन आला नाही तर दहा मिनिटांत निघायचं, झोपला असेल म्हणायचं नाही. नुसता बसल्या जागचा आकडा घेऊ नका, सहा मिनिटं चालून परत बघायला सांगा, म्हातारं असलं तर तीन मिनिटं. चालल्यावर ९३ च्या खाली गेलं किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्त पडलं तर सरळ दवाखाना.

आतेभावाला मी शेवटी माडीच सांगितली. त्याच्या पोरी आठ दिवस आजोळी जाऊ शकतात, आत्तीला हलवण्यापेक्षा ते सोपं, आणि लहान पोरांना बाहेर पाठवलं तर घरातली काळजी अर्धी कमी होते. त्याची माडी पण आमच्यासारखीच, भाताच्या पोत्यांनी भरलेली. पोती आजच खाली काढ म्हटलं, खिडक्या उघडून बघ, कमोडची खुर्ची उद्यापर्यंत आण, आणि तू जिन्याच्या खाली झोप, टीव्ही बंद ठेवून.