भरताच्या वांग्यांसाठी घेतलेला डीप फ्रीझर : दहा महिन्यांनंतर

आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात. गेल्या डिसेंबरात दोनशे लिटरचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर घेतला, तो खरं तर भरतासाठी. भरताच्या हिरव्या वांग्यांची खरी चव थंडीतली, आणि पुण्याची पोरं घरी येतात मे महिन्यात.

वांगी नेहमीसारखी तुरीच्या काड्यांवरच भाजते. साल काढून, पाणी निथळू देऊन ठेचते. पूर्ण गार झालं की पाव-पाव किलो पिशवीत भरून, हवा काढून, हाताने पोळीसारखं चपटं करते. पहिल्या खेपेला दोन किलोचा गोळा तसाच ठेवला होता. दुसऱ्या दिवशीही तो आतून मऊच! हळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि काढल्यावर सगळं पाणी सुटतं. ते भरीत पाणचटच लागलं. चपटी पाकिटं काही तासांत कडक होतात. मिरची, लसूण, कांद्याची पात आत घालू नका, फोडणी ऐनवेळीच द्या. मे महिन्यात कढईत पाकीट सोडलं तेव्हा काड्यांचा धूर तसाच नाकात आला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं, तेव्हा माझे पैसे वसूल झाले.

तुरीचे दाणे आणि मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, की लगेच बर्फाच्या पाण्यात. कच्चे ठेवलेले दाणे तीन महिन्यांत पिवळट पडले, गवतासारखे लागले. दाण्यातच असलेल्या, रंग-चव बिघडवणाऱ्या एन्झाइमचं काम थंडीने मंदावतं, थांबत नाही; ते थांबतं उकळत्या पाण्याने. बेसन-रवा चार दिवस उणे १८ अंशांत ठेवला तर किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. फ्रीझरच्या मागच्या पट्टीवर ‘टी’ वर्ग लिहिलाय, म्हणजे आजूबाजूला ४३ अंशांपर्यंत चालेल असा. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो. पत्र्याच्या पडवीत ठेवला होता तेव्हा मशीन बंदच होईना. मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब हलवला, मग आवाज थांबला.

वादळाने दीड दिवस वीज गेली तेव्हा एका नाण्याने वाचवलं. वाटीभर पाणी गोठवून वर रुपया ठेवलेला असतो. वीज आल्यावर पाहिलं तर वरच्या टोपलीतल्या वाटीत रुपया तळाशी, म्हणजे तिथलं सगळं सुटून परत गोठलेलं. चार किलो मटार टाकून देताना जीव तुटला. तळातल्या वाटीतला रुपया वरच होता, भरीत शाबूत. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही तर माल जास्त वेळ तग धरतो. आता रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते.

बिबडे, कुरडया मात्र पत्र्याच्या डब्यातच. कडक वाळवलेल्या जिनसांसाठी ही जागा अडवू नका.

सध्या तळाशी आमरसाची चार पाकिटं आहेत, दूध न घातलेला रस. ती दिवाळीला पोरांना. मग बटण बंद करून कडेचा बर्फ वितळवायचा, पुसून कोरडा करायचा. तोवर वांगी येतातच.