कॉलम मीनी: आधी सिनेमे की आधी स्टार ट्रेक? बंदीच्या दोन महिन्यांचा हिशोब

१ जूनला मासेमारीची बंदी लागली, बोटी वर ओढून झाल्या, प्लास्टिक आणि झापं टाकून झाली, आणि तिसऱ्या दिवशी आत्येभावाचा फोन. दादा ट्रॉलरवर ड्रायव्हर आहे, म्हणजे इंजिन त्याच्याकडे, तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, वर व्हीलवर वाऱ्याला उभा असतो आणि हा खाली डिझेलच्या वासात. ३१ जुलैपर्यंत जाळी तुणायची, इंजिन उघडून साफ करायचं, बाकी नुसता पाऊस. म्हणाला, "माका एकच माणूस सांग, तेचा सगळा बघतंय, दर दिवशी नवीन शोधूक कंटाळो येता."

मी म्हटलं कॉलम मीनी बघ, आयरिश नट. तर म्हणे हो कोण?

आता हाच तर ह्या माणसाच्या करिअरचा अर्धा सारांश आहे, तोंड सगळ्यांनी बघितलेलं, नाव कोणाला माहीत नाही. 'कॉन एअर' आठवतो ना, कैद्यांचं विमान, त्यात तो तावातावाने भांडणारा सरकारी अधिकारी ज्याची आवडती भारी गाडी विमानाला लटकून हवेत जाते आणि खाली आपटते, तो हा. 'डाय हार्ड २' मधे जे विमान उतरता उतरता पडतं त्याचा पायलट हा. 'अंडर सीज' मधे जहाज ताब्यात घेणाऱ्या टोळीत हा. दादाने तिन्ही बघितलेत, गाडीवाला तर लगेच आठवला. म्हणजे ओळख होतीच, फक्त नाव आत्ता कळलं.

मग पुढचा प्रश्न, सुरुवात कुठून, सिनेमे की ती अंतराळवाली सिरीयल, स्टार ट्रेक? मी दोन्ही बघितलंय, काही दोनदा, त्यामुळे जे ह्याच पेचात असतील त्यांच्यासाठी सविस्तर लिहून टाकतो, फोनवर सांगायला बसलो तर दादा मधेच झोपतो.

पहिलं म्हणजे वेळ, कारण बंदी कितीही लांब वाटली तरी दिवस ६१च. स्टार ट्रेकमधली ह्याची मुख्य सिरीयल 'डीप स्पेस नाईन' १९९३ ते १९९९ चालली, सात सीझन, भाग पावणेदोनशेच्या घरात, एकेक पाऊण तासाचा. म्हणजे सगळं मिळून १३० तास धरा, रोज तीन भाग बघितले तर नारळी पौर्णिमेच्या आत संपेल, पण रोज तीन म्हणजे घरच्यांचं ऐकून घ्यायची तयारी हवी. सिनेमांचं तसं नाही, त्याचे निवडक आठ-दहा घेतले तर आठवड्यात मोकळे. पण इथे एक फसवणूक आहे. सिनेमा दोन तासांचा असला तरी त्यात तो किती? 'डाय हार्ड २' मधे तर तो बसल्या खुर्चीतून उठतसुद्धा नाही आणि मरतो. मोठे सिनेमे त्याच्यासाठी म्हणून बघायला गेलात तर बराच वेळ दुसऱ्यांनाच बघत बसाल. सहायक भूमिकेचं दुखणंच हे, जेवण दुसऱ्याचं आणि हा पानातलं लोणचं.

सिरीयलमधेपण सुरुवात तशीच आहे, किंबहुना वाईट. १९८७ साली स्टार ट्रेकच्याच आधीच्या सिरीयलचा, 'नेक्स्ट जनरेशन'चा, पहिला भाग आला त्यात हा आहे, पण पात्राला नावच नाही, पॅनलसमोर बसलेला एक गणवेशवाला बस. दुसऱ्या सीझनमधे आडनाव मिळालं, ओब्रायन. आणि पहिलं नाव माइल्स हे मिळायला चौथा सीझन उजाडला! काम काय तर लोकांना यानातून खाली ग्रहावर पाठवायचं यंत्र चालवायचं, कॅप्टन म्हणणार सोड, हा दोन बोटं फिरवणार, लोक गायब. आपल्या एसटीच्या कंडक्टरसारखं, घंटी मारली की गाडी सुटली. ज्यांना वाटतं करिअर म्हणजे पहिल्याच सिनेमात पोस्टरवर फोटो, त्यांनी हे बघावं, हा माणूस तीन वर्षं नुसता उभा राहिला.

मग १९९१च्या सुरुवातीला एक भाग आला, 'द वूंडेड'. ओब्रायनचा जुना कॅप्टन लढाई संपून गेली तरी मनात ती लढत बसलाय, आणि त्याला समजावून परत आणायचं काम ह्याच्याकडे येतं. दोन माणसं एका खोलीत बसून जुन्या सोबत्याची आठवण काढतात आणि जुनं गाणं म्हणतात, बस एवढंच, बंदूक नाही काही नाही. मला वाटतं त्या एका प्रसंगाने त्याचं नशीब फिरवलं, कारण दोन वर्षांत 'डीप स्पेस नाईन' आली तेव्हा तो मुख्य मंडळींत होता. (हे माझं मत. पण तो भाग बघा आणि मग सांगा.)

आता 'डीप स्पेस नाईन' दादासाठी का, ते सांगतो. तिथे यान नाही, एक जुनाट स्टेशन आहे, शत्रूने बांधलेलं आणि जाताना मोडतोड करून सोडलेलं. ओब्रायन त्याचा मेकॅनिक. पार्ट एका कंपनीचा, यंत्र दुसऱ्याचं, मॅन्युअल परक्या भाषेत, आणि वरचा माणूस विचारतो कधी होणार. पहिल्याच भागात पॅनल चालत नाही तर हा सरळ त्याला लाथ घालतो आणि ते चालू होतं. दादाने तेवढा तुकडा बघितला आणि म्हणाला, "अरे ह्यो तर आपलो इंजिनवालो!" ह्याच्या दलातले बाकीचे मुख्य लोक ऑफिसर, अकादमीतून आलेले, हा साधा शिपाईगडीतून वर चढलेला, आणि तो फरक सिरीयल विसरू देत नाही. एका भागात बारमधले वेटर लोक युनियन काढतात तेव्हा हा त्यांच्या बाजूने उभा राहतो, माझे पूर्वज कोळशाच्या खाणीतल्या संपाचे पुढारी होते म्हणून अभिमानाने सांगतो. अंतराळाच्या सिरीयलमधे संप, मला तर फार मजा आली.

सिनेमांत हे नाही का? आहे, पण ते शोधावं लागतं आणि ते हॉलिवूडच्या मोठ्या पडद्यावर नाही, डब्लिनमधे आहे. हा मूळचा तिथलाच, १९५३चा जन्म, शिकला तिथल्या राष्ट्रीय नाट्यशाळेत. रॉडी डॉइल नावाच्या लेखकाच्या तीन कादंबऱ्यांवर तीन सिनेमे झाले, 'द कमिटमेंट्स' १९९१, 'द स्नॅपर' १९९३, 'द व्हॅन' १९९६, आणि तिन्हीत हा आहे. पहिल्यात हीरोचा बाप, एल्व्हिसचा भक्त, छोटंसंच काम. पण 'स्नॅपर' मधे तो जवळजवळ हीरोच. थोरली मुलगी लग्नाआधी गरोदर राहते आणि बापाचं, म्हणजे पोराच्या बापाचं, नाव सांगायला तयार नाही. वाडीत जे होतं तेच तिथे होतं, कुजबूज, टोमणे, बारमधे मारामारी, आणि हा बाप आधी चिडतो, रुसतो, मग चक्क गरोदरपणावरचं पुस्तक आणून वाचायला लागतो आणि बायकोलाच त्यातलं ज्ञान शिकवतो, जिला त्याच्याकडून पोरं झालीत! ह्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं त्याला, मुख्य अभिनेत्याच्या गटात, सहायकच्या नाही.

तर तुलना करायचीच तर ती 'कॉन एअर' आणि स्टार ट्रेकमधे करू नका, तिथे सिरीयल हातोहात जिंकते. खरी तुलना 'स्नॅपर'चा बाप आणि ओब्रायन ह्यांच्यात आहे, आणि तिथे मी खरंच अडकलो होतो.

बाप एका दीड तासात पूर्ण होतो. सुरुवातीला जो माणूस आत शिरतो तो शेवटी राहत नाही आणि कुठे बदलला ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येत नाही. ओब्रायनला ते जमत नाही, त्याला वर्षानुवर्षं तसंच राहावं लागतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच पॅनल दुरुस्त करायचंय ना. पण त्या बदल्यात तुम्हाला त्याचा संसार मिळतो. बायको केको वनस्पतीशास्त्रज्ञ, नवऱ्याच्या बदलीमुळे तिचं काम सुटलेलं, मग ती स्टेशनवर शाळा काढते. दोघांची भांडणं अगदी खरी, मोठी काही नाहीत, जेवण काय करायचं इथून सुरू होणारी. त्यांच्या दुसऱ्या बाळाचं प्रकरण तर अचाट, अपघातात बाळ केकोच्या पोटातून काढून स्टेशनवरच्या दुसऱ्या अधिकारी बाईच्या पोटात ठेवावं लागतं, कारण ती नटी खरोखर गरोदर होती आणि लेखकांना काहीतरी करणं भाग होतं. आणि डॉक्टर बशीरशी दोस्ती! आधी ओब्रायनला तो पोरगेला शहाणा अजिबात सहन होत नाही, सात सीझनच्या शेवटी दोघांना निरोप घ्यायचाय तर माझ्यासारख्याचेही डोळे भरले. असं काही सिनेमात बसत नाही, त्याला वर्षंच लागतात.

भाषेचं सांगायलाच हवं. सिनेमातली डब्लिनची इंग्रजी म्हणजे, आपलं मालवणी पुण्याच्या माणसाने पहिल्यांदा ऐकावं तसं. सबटायटल लावा, लाजू नका. शिव्या पोत्याने. मी 'स्नॅपर' हॉलमधे लावला, आई शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेली, पहिली दहा मिनिटं मी रिमोट हातात धरून बसलो, मग बघतो तर ती त्या बापाला हसतेय, म्हणाली ह्यो तर तुझ्या मामासारखो असा. सिरीयल त्या बाजूने निर्धास्त, शिव्या जवळजवळ नाहीत, इंग्रजी स्वच्छ, पोरं बाजूला बसली तरी चालतं. फक्त अर्धे शब्द यंत्रांचे असतात, ते कोणालाच कळत नाहीत, त्यांनाही कळत नसणार.

आणि लाईट. जूनमधे आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते, कधी तासाने येते कधी दुसऱ्या दिवशी. पाऊण तासाचा भाग इन्व्हर्टरवर निघतो, सिनेमा अर्ध्यात अडकतो. फालतू मुद्दा वाटेल पण 'द व्हॅन' मी तीन हप्त्यांत बघितलाय आणि त्याचा पार रस गेला.

एक भाग मात्र वेगळा काढून सांगतो, १९९६चा 'हार्ड टाईम'. ओब्रायनला एका परक्या ग्रहावर शिक्षा होते, वीस वर्षं तुरुंग, पण खरंखुरं कोंडत नाहीत, डोक्यात वीस वर्षांच्या आठवणी भरतात आणि काही तासांत सोडून देतात. घरी येतो तेव्हा बायकोच्या लेखी थोडेच दिवस गेलेत आणि ह्याच्या लेखी आयुष्य. पलंगावर झोप येत नाही, जमिनीवर झोपतो, जेवणातलं थोडं लपवून ठेवतो. पालघर-डहाणूकडची पोरं गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, त्यातली काही पाकिस्तानच्या हद्दीत पकडली जाऊन तिथल्या जेलात राहून येतात, ज्याच्या ओळखीत असा कोणी आहे त्याला हा भाग जड जाईल. लेखक मंडळींची तर ओब्रायनला दर सीझनला एकदा छळायचा अशी पद्धतच पडली होती, कारण साधा संसारी माणूस रडला की बघणाऱ्याला लागतं, हीरो रडला तर तो हीरोच असतो. मला विचाराल तर ह्या भागातलं काम 'स्नॅपर'च्या तोडीचं आहे, आणि हे म्हणायला मला वेळ लागला.

पुढचं थोडक्यात. दोन दगडांवर पाय म्हणतात, ह्याने दोन होड्यांवर ठेवला आणि पडला नाही, 'स्नॅपर', 'व्हॅन', 'कॉन एअर' तिन्ही सिनेमे 'डीप स्पेस नाईन' चालू असतानाच आलेत. नंतर 'लेअर केक', 'द डॅम्ड युनायटेड' मधे फुटबॉलचा मॅनेजर डॉन रेव्ही, मग 'हेल ऑन व्हील्स' मधे रेल्वेचा लबाड मालक, सगळं ठीक, नंतर बघा. आणि २०२० साली स्टार ट्रेकच्याच एका विनोदी कार्टून मालिकेत दूरच्या भविष्यकाळातली शाळा दाखवलीय, तिथे इतिहासातला बहुतेक सर्वात महत्त्वाचा माणूस म्हणून पुतळा कोणाचा, तर ओब्रायनचा. जत्रेतल्या दशावतारात राजा कोण झाला होता ते सकाळी विसरायला होतं आणि संकासूर आठवतो, तसंच.

तर कोणी काय करावं. आठवडाच आहे तर सरळ 'स्नॅपर' आणि 'व्हॅन', मोठे हॉलिवूडवाले सोडून द्या. दोन महिने आहेत तर आधी 'द वूंडेड' एकटा बघा, मग 'डीप स्पेस नाईन' पहिल्यापासून, पहिला सीझन थोडा रटाळ आहे, तिथे भाग गाळले तरी बोट बुडत नाही. 'नेक्स्ट जनरेशन' पहिल्या सीझनपासून ह्याला शोधत बसू नका, मागे उभा असलेला माणूस शोधून मान दुखेल. घरात सगळे एकत्र बघणार असाल तर सिरीयल, एकटे असाल तर सिनेमे. दादाला मी सिरीयलच सांगितली.

'हार्ड टाईम' रात्री एकट्याने नको. आणि 'व्हॅन' बघताना काहीतरी खायला घेऊन बसा, दोन बेकार दोस्त जुनी तेलकट गाडी घासूनपुसून १९९०च्या वर्ल्ड कपच्या गर्दीत तळलेले मासे विकतात, भूक लागतेच. बंदीत ताजी सुरमई कुठली, खारा बांगडा भाजून घ्या.