आरटीओचे काम : घरबसल्या, खिडकीवर की एजंटमार्फत?

लायसन्स किंवा गाडीच्या नोंदणीचे काम कोणत्या मार्गाने करावे, हे बहुतेक लोक आपल्याकडे मोकळा वेळ किती आहे यावरून ठरवतात. माझ्या मते त्याआधी आधार कार्ड, आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), जुने लायसन्स आणि कर्ज असल्यास बँकेचे पत्र समोर ठेवून त्यांतील नाव, जन्मतारीख, पत्ता व मोबाइल क्रमांक एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. सगळे जुळत असेल तर महाराष्ट्रात बरीचशी कामे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून होतात. जुळत नसेल तर एजंटला पैसे देऊनही ती अडकतात, कारण आधारवरचे नाव एजंटला बदलता येत नाही.

शिकाऊ लायसन्समध्ये हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. २०२१ पासून आधारच्या पडताळणीवर ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत घरूनच अर्ज करता येतो आणि रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहून परीक्षाही घरूनच देता येते. मात्र नाव, पत्ता आणि छायाचित्र थेट आधारमधून येते व अर्जात ते बदलता येत नाही. म्हणून आधारवर गावाकडचा पत्ता असेल आणि लायसन्स शहरातल्या पत्त्यावर हवे असेल, तर एकतर आधी आधार दुरुस्त करावे किंवा आधारविना अर्ज भरून, वेळ आरक्षित करून, पत्त्याच्या दुसऱ्या पुराव्यासह कार्यालयात परीक्षा द्यावी. केंद्रीय नियमांनुसार मूळ शुल्क वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे. एजंट याच पैशांवर आपला मेहनताना लावतो आणि त्याची पावती सहसा मिळत नाही. शिकाऊ लायसन्ससाठी एजंट गाठण्याचे मला तरी कारण दिसत नाही. घरात संगणक हाताळणारे कोणी नसेल तर जवळचे सेवा केंद्र पुरेसे आहे.

पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देण्यास स्वतःच जावे लागते. शिकाऊ लायसन्सला ३० दिवस झाल्यानंतर आणि त्याची सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी चाचणी द्यायची असते. मोठ्या शहरांत चाचणीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून ३० दिवस पूर्ण होण्याच्या सुमारासच स्लॉट पाहायला लागावे. येथे एजंट आणि ड्रायव्हिंग स्कूल यांच्यात फरक करायला हवा. एजंट फक्त फॉर्म भरतो; स्कूल गाडी चालवायला शिकवते आणि चारचाकीच्या चाचणीसाठी बहुधा स्वतःची गाडीही देते. ज्यांच्याकडे चारचाकी नाही, त्यांनी स्कूलला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

नूतनीकरणाचा निर्णय सोपा आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. चाळिशी ओलांडलेल्यांना नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळाले की बाकीचे ऑनलाइन उरकते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असे; मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने ती काढून टाकली, हे अनेकांना अजून ठाऊक नसते.

नव्या गाडीची नोंदणी विक्रेताच करतो, त्यामुळे तेथे निवडण्यासारखे फारसे नाही. खरा गुंता जुन्या गाडीच्या हस्तांतरणात होतो. नमुना २९ व ३० वर विकणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्या लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्रही लागते. ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करायचा तर ओटीपीशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी काम अडते, कारण कित्येक जुन्या गाड्यांच्या नोंदीत मालकाऐवजी विक्रेत्याचा किंवा पूर्वीच्या एजंटचा मोबाइल क्रमांक असतो. तो आधी बदलून घ्यावा. त्यासाठी चॅसी (गाडीचा सांगाडा) व इंजिन यांचे क्रमांक लागतात. ते आरसीवर छापलेले असतात. विकणारा त्याच शहरात असेल आणि त्याचा मोबाइल आधारशी जोडलेला असेल, तर एजंटची गरज नाही. बँकेच्या पत्रातील नाव आणि आरसीवरील नाव यांत फरक असेल, तर मूळ कागद घेऊन खिडकीवर जाणेच बरे. पोर्टलवर असा अर्ज त्रुटी दाखवून परत येतो, तर समोरचा लिपिक नेमके कोणते शपथपत्र हवे ते सांगू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी आरटीओचे शिबिर आपल्या गावी कधी असते याची चौकशी करावी, म्हणजे जिल्ह्याची फेरी वाचते.

एजंटचा उपयोग मला एकाच प्रकारात पटतो. गाडी परराज्यातून आणायची किंवा तिकडे न्यायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, अर्जावर चॅसी क्रमांकावरून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा, नव्या राज्यातील कर आणि गाडीची तपासणी असे सारे एकामागून एक करावे लागते. दोन राज्यांत खेटे घालणे नोकरदाराला परवडत नाही. अशा वेळी माहितगार माणूस लावण्यात गैर काही नाही. फक्त सरकारी शुल्क आपल्याच खात्यातून भरावे, अर्जावर मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नये.

विकणाऱ्याने तर ही काळजी अधिकच घ्यावी. राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत कार्यालयाला देणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि नोंदीत नाव बदलेपर्यंत चलानेही त्याच्याच नावावर येत राहतात. काम एजंटकडे दिले असले, तरी अर्ज क्रमांक मागून घ्यावा आणि हस्तांतरण मंजूर झाल्याचे दिसेपर्यंत पोर्टलवर त्याची स्थिती स्वतः पाहत राहावे.