पातालपाणीच्या सहलीसाठी घेतलेली भाड्याची गाडी

कोजागिरीनंतरच्या रविवारी इंदूरच्या राजेंद्रनगरातून आम्ही सहा जण, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आई आणि मावशी, पातालपाणी ते कालाकुंड ही घाटातली वारसा रेल्वे पाहण्यासाठी निघालो. त्यासाठी इंदुरातल्याच एका ट्रॅव्हल्सकडून चालकासह सात आसनी गाडी दिवसभरासाठी घेतली होती.

गाडी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी दाराशी उभी होती आणि आतून स्वच्छ होती. राऊला पोहे-जलेबीसाठी थांबायचे म्हटल्यावर चालकाने कपाळाला आठी घातली नाही. महूच्या पुढे वळणे सुरू झाल्यावर त्याने वेग इतका बेताचा ठेवला की, एरवी राऊ येण्याआधीच लिंबू शोधणाऱ्या मावशींना त्या दिवशी गाडी लागली नाही. पातालपाणीला त्याने ‘माताजी, हळू’ म्हणत दोघींना हात धरून फलाटापर्यंत पोहोचवले. हे काम भाड्यात धरलेले नसते.

पुढचा प्रवास रेल्वेचा होता. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यातून खंडवा–इंदूर हा मीटरगेज मार्ग झाला, आणि त्यातला सर्वांत अवघड तुकडा म्हणजे हा घाट. येथे ४० फुटांच्या वाटेत रूळ १ फूट उतरतात, म्हणूनच पूर्वी वर चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिन लावावे लागे. २५ डिसेंबर २०१८ पासून याच रुळांवर वारसा गाडी धावते. पातालपाणीजवळ इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लांचे मंदिर आहे आणि तेथे गाडी थांबवून त्यांना मान देण्याचा जुना प्रघात आहे. शरदात पातालपाणीच्या धबधब्याला पाणी असते आणि पावसाळ्यातले धुके नसते, त्यामुळे दरी तळापर्यंत दिसते. माझ्या मते यायचे तर याच दिवसांत यावे.

मात्र आपण रेल्वेत असताना भाड्याची गाडी पातालपाणीला नुसती उभी असते, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. आम्ही ‘८ तास, ८० किलोमीटर’ हा दर मागितला होता. पातालपाणी शहराच्या हद्दीबाहेर आहे असे सांगून त्यांनी बाहेरगावचा दर, म्हणजे किमान २५० किलोमीटरचे पैसे, लावला. पैसे जाणारच आहेत तर म्हणून परतताना चंबळेचा उगम असलेला जानापावचा डोंगरही पाहून घेतला, तरी एकूण फिरणे जेमतेम ११० किलोमीटर झाले. वर चालकाचा भत्ता बिलात वेगळा लावला, ज्याचा उल्लेख फोनवर एकदाही झाला नव्हता. विचारणा केल्यावर उत्तर नम्रपणे मिळाले, पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

चालकाला पाचपैकी पाच गुण देईन, कार्यालयाला दोन. पुढच्या वेळी दर आणि भत्ता आधी लिहून घेईन, आणि चालक तोच मिळणार असेल तरच गाडी ठरवीन. कालाकुंडाहून आणलेल्या कलाकंदाचा एक द्रोण आईने त्याच्या घरासाठी वेगळा ठेवला होता. तो घेताना बिलाच्या आकड्याने आमच्याइतकाच तोही ओशाळलेला दिसला.