मेथिलफेनिडेटचे आठ महिने: लेकीचा डोस सापडेपर्यंत

लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. गेल्या जुलैत तिला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबूळ थांबत नाही त्या त्रासासाठी, मेथिलफेनिडेट हे औषध सुरू केलं, त्याला आता आठ महिने झाले. सुरू करण्याआधी मी कुणा आईचा मराठीतला अनुभव शोधत होते. सापडायचं ते एकतर 'गोळ्यांनी मुलं बधिर होतात' किंवा 'आठवड्यात चमत्कार झाला'. चमत्कार आमच्याकडे झाला नाही. बधिरपणा मात्र आठवडाभर आला होता, आणि मी सगळ्यात जास्त शिकले ते त्याच आठवड्यात.

निदान साडेपाचाव्या वर्षी झालं. आम्ही साताऱ्यात राहतो, बालविकासतज्ज्ञ डॉक्टर पुण्यात. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून एडीएचडी कळत नाही. आम्ही दोघांनी आणि शाळेतल्या बाईंनी वेगवेगळे फॉर्म भरले, कारण लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. कान, डोळे, झोप हेही बघून झालं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना आधी औषध नको, आधी आईबाबांनी शिकायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभर आम्ही ते मन लावून केलं. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, आणि काम झालं की लगेच शाबासकी. घरातला आरडाओरडा खूप कमी झाला. शाळेत मात्र रोज वहीच्या पानावर वर तारीख आणि खाली सगळं कोरं. एका रात्री ती अंधारात म्हणाली, "आई, मी वाईट मुलगी आहे का गं?" औषधाचा निर्णय त्या रात्री झाला.

सासूबाईंचा विरोध होता. "एवढ्याशा पोरीला गुंगीचं औषध देणार का?" त्यांची भीती खरी होती, म्हणून पुढच्या वेळी त्यांनाही पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी वीस मिनिटं त्यांच्यासाठी दिली. हे गुंगीचं नाही, उत्तेजक औषध आहे. मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन ही रसायनं सोडतात आणि परत ओढून घेतात. औषध ते परत ओढणं कमी करतं, त्यामुळे लक्ष धरून ठेवणारा आणि 'जरा थांब' म्हणणारा मेंदूचा भाग नीट काम करू लागतो. शोधही नवा नाही, १९४४ सालचा. ज्या शास्त्रज्ञाने ते बनवलं त्याच्या बायकोला रिटा म्हणत, तिच्यावरून ते 'रिटालिन' नावाने विकलं गेलं. सासूबाईंना एवढं पक्कं लक्षात राहिलं. आता रोज सकाळी त्याच हाक मारतात, "रिटाची गोळी झाली का गं?"

सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी, रक्तदाब घेतला. आमच्या दोघांच्या घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का, तरुणपणी अचानक कुणी गेलं आहे का, हेही विचारलं. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही आपणहून सांगा.

मी विचारलं, "२१ किलोला किती एमजी?" तापाच्या औषधाचं तसंच असतं ना. डॉक्टर म्हणाले, या औषधाचा डोस वजनावरून ठरत नाही. सारख्याच वजनाच्या दोन मुलांपैकी एकाला ५ पुरतात, दुसऱ्याला २० लागतात. सगळ्यात कमी डोसपासून सुरू करायचं, आठवड्याने एक पायरी चढायची, आणि दर पायरीला मुलाकडे बघायचं. त्यासाठी त्यांनी एक वही घालायला सांगितली. काय झालं ते तर लिहायचंच, पण किती वाजता झालं ते चुकवायचं नाही.

पहिला आठवडा सकाळी नाश्त्यानंतर ५ एमजी, म्हणजे १० ची गोळी अर्धी करून. दोन दिवस थोडं पोट दुखलं, एकदा डोकं. बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी ५, दुपारी १२ ला ५. बाई म्हणाल्या, जागेवर जरा जास्त बसते. तिसऱ्या आठवड्यात सकाळी १० आणि दुपारी ५. त्या मंगळवारी शाळेतून येऊन तिने दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आज बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू आलं." वहीत हे वाक्य मी लाल पेनाने लिहिलंय. फळ्यावरची पाचही वाक्यं तिने उतरवून घेतली होती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दुपारनंतर अजून चुळबूळ होते, असं शाळेतून आलं आणि आम्हालाही वाटलं, अजून थोडं सुधारेल. फोनवर डॉक्टरांशी बोलून चौथ्या आठवड्यात १० आणि १० केले. तीन दिवसांत शाळेतून फोन. आता एकदम शहाणी झालीय, काही त्रासच नाही, असंच राहू द्या. त्या बाई मनापासून बोलत होत्या, चाळीस मुलांत एक मूल शांत झालं की किती हायसं वाटतं ते मला समजतं. पण घरी माझी लेक नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज एक कावळा येतो, त्याला ती चपातीचा तुकडा घालते आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगते. त्या आठवड्यात तिने तुकडा ठेवला आणि नुसती उभी राहिली. नखांच्या बाजूची कातडी सोलून बोटं लाल. मी विचारलं, काय झालं बाळा, तर म्हणाली, "काही नाही. मला काही सांगायचंच नाहीये."

मी घाबरले. औषधच बंद करावं असं वाटलं. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न केला, हे किती वाजता होतं? वही उघडली. गप्प होणं आणि नखं सोलणं दुपारी एक ते तीन, म्हणजे औषधाचा जोर सगळ्यात जास्त असताना. याचा अर्थ डोस जास्त होतोय. त्याआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी पाचच्या सुमारास क्षुल्लक कारणावरून रडारड व्हायची, तीही वहीत होती. ते उलट, औषध उतरतानाचं. दोन्ही वेळी मूल चिडकं, रडवेलं दिसतं, पण एकात डोस कमी करायचा असतो आणि दुसऱ्यात उतार सौम्य करायचा. वेळ लिहिली नसती तर आम्ही चुकीच्या दिशेला गेलो असतो. दुसऱ्या दिवसापासून परत १० आणि ५. हे औषध शरीरात साठून राहत नाही, त्यामुळे फरक त्याच दिवशी दिसला. शुक्रवारी कावळ्याला पूर्ण हकीगत मिळाली.

शाळेला हे पटवणं अवघड गेलं. आम्ही एवढंच म्हणालो, ती थोडी हलली, मध्येच बोलली तर चालेल, पान पूर्ण झालं की पुरे.

दुपारच्या गोळीचा वेगळाच घोळ. साध्या गोळीचा परिणाम साडेतीन-चार तास टिकतो, म्हणून १२ ला शाळेत कुणीतरी द्यायला हवी. कधी विसरायचं, कधी एक वाजायचा, आणि सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलावलेलं तिला आवडायचं नाही. ऑक्टोबरपासून सकाळीच दोन गोळ्या देतो: हळूहळू सुटणारी एसआर १० आणि साधी ५. आमच्याकडे शाळा सुटेपर्यंत पुरते, उतारही सौम्य झालाय. एसआर गोळी मोडायची, कुटायची किंवा चावायची नाही, अख्खी गिळायला हवी. आम्ही आधी चुरमुऱ्याचा दाणा, मग साबुदाणा भिजवून, मग जेम्सची गोळी, असा दहा दिवस सराव केला.

भूक हा सगळ्यात मोठा त्रास. पहिले दोन महिने डबा जसाच्या तसा परत. वजन २१.४ वरून २०.६ वर आलं तेव्हा मला झोप लागेना. मग सगळं उलटं लावलं. गोळीच्या आधी सातला पोटभर: लोण्याबरोबर थालीपीठ, किंवा अंडं-चपाती आणि दूध. डब्यात दोन घासांत संपेल असं, शेंगदाण्याचा किंवा खजुराचा लाडू. साडेचारला भूक परत येते तेव्हा खाऊ देत नाही, सरळ जेवणच वाढते, आणि आठला दुसरं जेवण. 'खा, खा' म्हणणं बंद केलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवाळीच्या सुट्टीत औषध बंद ठेवलं होतं. आता वजन २२.१ आहे. उंची दर तीन महिन्यांनी मोजतात, ती ठीक वाढतेय. झोप पहिल्या महिन्यात तासभर लांबली, नंतर जागेवर आली.

औषध मिळवणं हे वेगळं काम आहे. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येतं, त्यामुळे दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. आमच्या इथल्या चार मेडिकलमध्ये विचारलं, कुणाकडेच नव्हतं. चौथ्या ठिकाणी तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "एवढ्या लहान मुलीला कशाला?" तेव्हापासून डॉक्टरांच्या भेटीलाच पुण्यातून घेऊन येतो. जानेवारीत एकदा साठा संपला आणि चार दिवस गोळीशिवाय गेले. अंगाला काही झालं नाही, पण त्या चार दिवसांची पानं परत कोरी. आता सात गोळ्या उरल्या की आम्ही एसटीचं बुकिंग करतो. गोळ्या कपाटात वरच्या खणात, कुलपात. तिला आपण होऊन घ्यायला कधीच सांगत नाही.

जे बदललं नाही तेही सांगते. पाण्याची बाटली आठवड्याला एक हरवतेच. अक्षर तसंच आहे. रांगेत मध्ये घुसणं कमी झालंय, गेलेलं नाही, आणि ते शिकवायचं काम आमचंच आहे, गोळी ते शिकवत नाही. आठवड्यातून एकदा थेरपी चालू आहे. ज्यांच्या मुलांना टिक्स, म्हणजे डोळे मिचकावणं किंवा मान उडवणं अशा नकळत होणाऱ्या हालचाली असतात किंवा ज्यांना हे औषध सोसत नाही, त्यांच्यासाठी अॅटोमॉक्सेटिनसारखी दुसरी औषधं आहेत. त्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात आणि ती रोज द्यावी लागतात, तेव्हा आमचं वेळापत्रक त्यांना लावू नका.

वहीची १३० पानं भरलीत. मागच्या महिन्यात तिने स्वतः विचारलं, "यात माझं लिहितेस ना? मग मी पण लिहू?" आता शेवटचा रकाना तिचा आहे. काल तिथे लिहिलंय: डबा संपला, बेरीज तीन चूक, कावळा आला नाही.