मोठ्या आईचा वृद्धाश्रम: सेवा उत्तम, हिशेब अपुरा

पक्षाघातानंतर मोठ्या आईला यवतमाळ जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात ठेवून आठ महिने झाले. सेवा मनापासूनची आहे. सेविका रोज सकाळी तिच्या आखडलेल्या बोटांना तेल लावून एकेक बोट हळूच सरळ करते आणि ज्वारीची भाकर वरणात कुस्करून भरवते. तक्रार हिशेबाची आहे. महिना ९,००० रुपये ठरले असताना डायपर, औषधे आणि रात्रीची सेविका यांचे वेगळे पैसे लावून बिल १४,००० वर नेले. कापूस विकल्यावरच ज्यांच्या हाती पैसा येतो, त्या घरांनी दरमहा एवढी रक्कम आणायची कुठून? २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, परंतु त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपयेच आहे. प्रवेशापूर्वी प्रत्येक वेगळा आकार लेखी मागून घ्यावा. आम्ही तो मागितला नव्हता.