पुणे मेट्रो, व्हीलचेअरवरून
वनाझ ते रामवाडी, कुणाचाही हात न धरता! स्टेशनच्या आतल्या सोयीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. लिफ्टची बटणं बसल्या जागेवरून हाताला येतात, रुंद फाटकातून खुर्ची सरळ जाते. फलाट आणि डबा जवळपास एका पातळीत, त्यामुळे पुढची चाकं किंचित उचलली की आत. राखीव जागेत कुणी उभं असलं तर सांगितल्यावर सरकतात, लोक चांगले आहेत.

खरी कसरत बाहेर. फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून माझी खुर्ची जातच नाही. मग भर रस्त्यात, बस-रिक्षांच्या मधून. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. दोन खांबांत ९० सेंटिमीटर जागा सोडा, एवढंच मागणं आहे.